रिडेव्हलपमेंट होतेय, पार्किंगचं नक्की काय ठरवावं? (ठाणे / नवी मुंबई)

पाचपाखाडीकर (धागाकर्ता):
नमस्कार मंडळी. आमची सोसायटी पाचपाखाडीत. तळमजला अधिक चार, लिफ्ट नाही, ऐंशीच्या दशकातलं बांधकाम. बिल्डर ठरला, भाडं आणि कॉर्पसवर (बिल्डरने सभासदांना द्यायच्या एकरकमी निधीवर) घासाघीस होऊन मिटलं, वाढीव कार्पेटवरही (घराच्या आतल्या क्षेत्रफळावर) सगळे राजी आहेत. घोडं अडलंय ते पार्किंगवर. परवाच्या सभेत बाकी सगळे विषय तासाभरात उरकले आणि पार्किंग निघाल्यावर अशी काही जुंपली की अध्यक्षांनी सभाच तहकूब केली.

बिल्डरचा नकाशा असा: खाली स्टिल्ट (खांबांवरचा मोकळा तळ), त्यात थोड्या सरळ जागा, बाकी सगळं मेकॅनिकल. म्हणजे एकावर एक दोन गाड्या, मागच्या बाजूला खड्डा करून तीन. रस्त्याच्या तोंडाला चार दुकानं. समोरचा रस्ता नऊ मीटरचा, पण दोन्ही कडांना रात्रंदिवस गाड्या लागलेल्या असतात, त्यामुळे मधून एक रिक्षा आली की समोरच्याने थांबायचं.

सभासदांत तीन तट आहेत. एकाचं म्हणणं, जुन्या प्रत्येक सभासदाला एक कारची जागा मिळालीच पाहिजे, गाडी असो वा नसो. दुसरा म्हणतो, ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी त्याऐवजी कार्पेट मागावं. तिसरा म्हणतो, मेकॅनिकल नकोच, सरळ जागा देत असाल तर बोला.

आम्ही कमिटीचे तिघं शेजारच्या गल्लीत नुकतीच उभी राहिलेली एक इमारत बघायला गेलो. सेक्रेटरी ओळखीचे, त्यांनी मोकळेपणाने दाखवली. मंजूर नकाशात प्रत्येक जागा म्हणजे नीट आखलेला चौकोन. खाली जाऊन टेप लावली. एका जागेच्या उजव्या अंगाला कॉलम, कॉलमला चिकटून पावसाच्या पाण्याचा सहा इंची पाइप, पाइपला क्लॅम्प. डाव्या अंगाला भिंत, भिंतीवर वायरिंगची पेटी. मधे उरलं सव्वादोन मीटरच्या आत. तिथे गाडी लावणारे गृहस्थ बायको-मुलांना बाहेर उतरवतात, गाडी आत घालतात आणि मग मागच्या सीटवर सरकून डिकीकडून बाहेर येतात. वय पन्नाशीच्या पुढे. खड्ड्याच्या पार्किंगमध्ये तळाला हातभर काळं पाणी होतं आणि पंप ‘दुरुस्तीला गेलाय’ असं सांगितलं.

तर प्रश्न असे. नियमाने बिल्डरला किती पार्किंग द्यावंच लागतं? मेकॅनिकल त्यात धरलं जातं का? करारात नक्की काय लिहून घ्यायचं? आणि दुकानांची गिऱ्हाइकं गाड्या कुठे लावणार?

चहाटळ:
पहिला! बाकी सविस्तर वाचून लिहितो. खुर्ची टाकून बसलोय.

टीस्क्वेअर:
आर्किटेक्ट आहे, ठाणे-कल्याण पट्ट्यातच काम करतो. जमेल तेवढं सरळ सांगतो.

ठाण्यात आणि नवी मुंबईत आता एकच नियमावली आहे, एकात्मिक विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली, जिला आम्ही यूडीसीपीआर म्हणतो. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने मंजूर केली. मुंबई महापालिका, एमआयडीसी, नैना अशी काही क्षेत्रं सोडली तर राज्यभर तीच. त्याआधी प्रत्येक महापालिकेची आपापली चूल होती.

त्यातला पार्किंगचा तक्ता तुमच्या घरात किती गाड्या आहेत ते विचारत नाही, कार्पेट विचारतो. ८० ते १५० चौरस मीटर कार्पेट असेल तर प्रत्येक फ्लॅटमागे एक कार. ४० ते ८० मध्ये असेल तर दोन फ्लॅट मिळून एक कार. ३० च्या खाली कार धरतच नाहीत, फक्त दुचाकी. दुचाकींची संख्या वेगळी. आलेल्या आकड्याला शहराच्या वर्गाप्रमाणे एक गुणक लागतो, तो तुमच्या आर्किटेक्टच्या पार्किंग स्टेटमेंटमध्ये दिसेल. हे स्टेटमेंट नकाशाच्या कोपऱ्यात छापलेलं असतं, बहुतेक सभासद प्लॅन बघताना आपला बेडरूम शोधतात आणि ते तसंच राहतं.

आता ८० चौ.मी. म्हणजे ८६१ चौ. फूट. बाजारात विकायला काढलेले टू बीएचके ८४०-८५० वर का थांबतात ते बघा. वीस फूट वाढवले तर प्रत्येक फ्लॅटमागे अख्खी कार द्यावी लागते, त्याच्या आत राहिलं तर अर्धी. मी स्वतः क्लायंटला हा हिशेब करून दिलेला आहे. बेकायदेशीर काहीच नाही, तक्त्यात पायरी ठेवली की लोक पायरीच्या खालीच उभे राहणार.

मेकॅनिकल धरलं जातं, हो. स्टॅक (एकावर एक), पझल (पाळणे आडवे-उभे सरकवणारं), पिट (खड्ड्यातलं), सगळं.

पाचपाखाडीकर:
म्हणजे आमच्या ४५ आणि ५५ मीटरच्या फ्लॅटना नियमाने अर्धीच कार? मग ‘प्रत्येकाला एक’ हे बिल्डर स्वतःहून देतोय?

टीस्क्वेअर:
नियमाच्या किमान आकड्यापेक्षा जास्त देत असेल तर ती तुमची सौदेबाजी, महापालिकेचा त्याच्याशी संबंध नाही. म्हणूनच ते करारात नसेल तर ओसीच्या (भोगवटा प्रमाणपत्राच्या) वेळी कोणी विचारणार नाही. मंजूर नकाशात किमान आकडा भागला की पालिकेच्या दृष्टीने विषय संपला.

मापांबद्दल. कारची जागा २.५ मीटर बाय ५ मीटर. काही हिस्सा लहान गाड्यांसाठी २.३ बाय ४.५ चा चालतो. इनोव्हा सारखी गाडी ४.७ मीटरच्या वर लांब आणि १.८ मीटरच्या वर रुंद. म्हणजे २.३ च्या जागेत दोन्ही बाजू मिळून अर्धा मीटर उरतो. दार उघडायला त्यात तुमचे पाइपवाले क्लॅम्प. आणि छाननी आता संगणकावर होते. सॉफ्टवेअर चौकोन मोजतं. चौकोनात पाइप कुठून उतरतो ते प्लंबिंगच्या ड्रॉइंगमध्ये असतं, आणि ते ड्रॉइंग पार्किंग आखून झाल्यावर कधीतरी बनतं.

तीन_हात_नाका:
माझं स्पष्ट मत. मला गाडी नाही, घ्यायची नाही, गुडघ्यामुळे चालवताही येणार नाही. आमच्याही सोसायटीत हेच चाललंय. मी रिक्षाने स्टेशनला जाते. तरी माझ्या वाट्याच्या एफएसआयवर (बांधकामाच्या हक्कावर), माझ्या जमिनीवर कोणाची तरी दुसरी गाडी उभी राहणार आणि मेंटेनन्समध्ये लिफ्टवाल्या पार्किंगचा एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) मीही भरणार. का बरं?

शिस्तप्रिय:
ताई, तुम्हाला गाडी नाही, पण उद्या फ्लॅट विकायला काढलात तर पहिला प्रश्न ‘पार्किंग आहे का’ हाच येणार. पार्किंग नसलेला फ्लॅट ठाण्यात कोणी बघायलाही येत नाही.

तीन_हात_नाका:
विकायचा कोणाला आहे? मला राहायचं आहे.

निवृत्त_शिरस्तेदार:
करार आणि हक्क यांबद्दल दोन गोष्टी, कारण इथे बरेच गैरसमज आहेत.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की मोफा या फ्लॅट-मालकीच्या जुन्या कायद्याखाली स्टिल्टमधली जागा बिल्डरला वेगळी विकता येत नाही, ती सामायिक आहे. हे वाचून लोक आजही सभेत ‘पार्किंग विकताच येत नाही’ म्हणून टेबल बडवतात. पण त्यानंतर रेरा (स्थावर संपदा कायदा) आला. रेराच्या व्याख्येत उघडी पार्किंग ही सामायिक जागा, तिचे पैसे घेता येत नाहीत. गॅरेज म्हणजे वर छत आणि तीन बाजूंनी भिंती. आणि बंदिस्त किंवा आच्छादित पार्किंग मोबदला घेऊन देता येते, असं महारेराने (त्या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाने) जुलै २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं. त्यामुळे नवीन गिऱ्हाइकाला बिल्डर आच्छादित जागा विकणारच. जुन्या सभासदांच्या जागा आधी नकाशावर नंबर टाकून वेगळ्या काढल्या नाहीत तर चांगल्या जागा विक्रीला आणि खड्ड्यातल्या तुम्हाला, हे ठरलेलं.

दुसरं, २९ एप्रिल २०२४ चा महारेराचा आदेश जरूर मिळवा. अलॉटमेंट लेटर आणि विक्री करारासोबत पार्किंगचं स्वतंत्र परिशिष्ट जोडायचं आहे: जागेचा क्रमांक, लांबी, रुंदी, उंची आणि ती आवारात नेमकी कुठे आहे. तुळई आडवी येते, दार उघडत नाही, अशा तक्रारी आल्यावरच तो निघाला. तुमच्या पर्यायी जागेच्या करारालाही तसंच परिशिष्ट जोडून घ्या, कोणी नाही म्हणणार नाही. नाही म्हणाला तर का म्हणतोय ते कळेलच.

सोसायटी झाल्यावर वाटपाचा अधिकार सर्वसाधारण सभेचा. आदर्श उपविधींप्रमाणे (सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे) गाड्या जास्त आणि जागा कमी असतील तर चिठ्ठ्या टाकायच्या. म्हणजे करारात क्रमांक नसेल तर सगळं पुन्हा सभेत, आणि तुमची सभा कशी चालते ते तुम्ही वर लिहिलंच आहे.

चहाटळ:
शिरस्तेदारांना दंडवत.

कोपरखैरणेकर:
ठाणेकरांनो, तुम्ही निदान स्टिल्टवरून भांडताय. आमच्याकडे या.

सिडकोने कोपरखैरणे, घणसोली, नेरूळला छोटी घरं बांधली तेव्हा माणूस चालत किंवा बसने स्टेशनला जाईल असा हिशेब होता. नवी मुंबईची रेल्वे बांधायला दोन-तृतीयांश पैसा सिडकोने घातला, १९९२ मध्ये वाशीला लोकल आली, नोड (शहराचे वेगवेगळे भाग) स्टेशनभोवती आखले. अल्प उत्पन्न गटाच्या घरासमोर गाडी असेल असं कोणाच्या डोक्यात नव्हतं आणि तेव्हा ते बरोबरही होतं. मग बैठ्या घरांवर एक मजला, दुसरा मजला, तिसरा. खाली भाडेकरू, वर मालक. सगळ्यांच्या दुचाक्या, निम्म्यांच्या कार. गल्लीची रुंदी तीच.

त्यात साडेबारा टक्क्यांचे प्लॉट. प्रकल्पग्रस्तांना मिळालेले, मग बिल्डरांना दिलेले, त्यावर चार-पाच मजली इमारती. तळाला पार्किंग दाखवलंय ना? दाखवलंय. आज तिथे जिम, क्लिनिक, क्लासेस, वॉशिंग सेंटर. शटर लागलं की पार्किंग गेलं, गाड्या रस्त्यावर. नगररचना कायद्याच्या कलम ५३ ची (अनधिकृत बांधकामाची) नोटीस येते, लोक ती फाइलला लावतात.

२०१६ मध्ये तुकाराम मुंढे आयुक्त होते तेव्हा मार्जिनल स्पेसवर (इमारतीभोवती मोकळ्या ठेवायच्या जागेवर) धडाका लावला होता, दुकानांपुढच्या शेड, हॉटेलांची टेबलं सगळी उचलली. वाशी सेक्टर १७ मधून चालता येत होतं काही दिवस. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

सीवूड्सवासी:
+१. आणि रात्री अकरानंतर पाहुणे आले तर गाडी लावायला आम्ही पाम बीचच्या सर्व्हिस रोडपर्यंत जातो.

लोकलप्रेमी:
मला वेगळं बोलायचंय, मारू नका.

सगळे ‘अजून पार्किंग द्या’ म्हणताहेत. घोडबंदर रोडकडे बघा. मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ, कासारवडवली. एकेका टॉवरखाली पाच-सहा मजल्यांचा पोडियम (घरांच्या खालचे पार्किंगचे मजले), प्रत्येक फ्लॅटला एक, मोठ्यांना दोन. पार्किंगचा प्रश्न सुटला? सुटला. मग सकाळी साडेआठला त्या सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात आणि कापूरबावडीला थांबतात. पार्किंग म्हणजे गाडी झोपायची जागा, ती उठल्यावर कुठे जाणार याचा हिशेब कोणत्याच तक्त्यात नाही.

एका कारला १२.५ चौ.मी. म्हणतात, पण वळायची जागा, रॅम्प धरला की ते दुपटीच्या वर जातं. रॅम्प एकेरी तीन मीटर, दुहेरी सहा मीटर. तेवढ्या जागेत एक खोली होते. आपण माणसाला राहायला खोली महाग करून गाडीला फुकट देतोय. केंद्राच्या २०१७ च्या टीओडी (स्टेशनांभोवती शहर वाढवण्याच्या) धोरणात मेट्रो-रेल्वेच्या चालत्या अंतरात पार्किंग मर्यादित ठेवा आणि महाग करा असं सरळ लिहिलेलं आहे. मेक्सिको सिटीने त्याच वर्षी किमान पार्किंगची अट काढून कमाल मर्यादा घातली, म्हणजे बिल्डरला ‘इतकं तरी द्या’ ऐवजी ‘याहून जास्त नको’. वडाळा-कासारवडवली मेट्रो सुरू होईल तेव्हा स्टेशनालगतच्या टॉवरला तीन-तीन पोडियम कशाला?

घोडबंदरी:
लोकलप्रेमी, तुम्ही नौपाड्यात राहता का? स्टेशनला चालत जाता का? मग बोलणं सोपं आहे.

कावेसरला राहून दोन मुलांना शाळा, क्लास, आजीला दवाखाना. टीएमटीची बस कधी येईल देव जाणे, आली तर दाराला लटकलेली. रिक्षावाला पावसात मीटरने येत नाही. मेट्रोचे खांब गेली कित्येक वर्षं बघतोय, त्या खांबांमुळे रस्ता निम्मा झाला तो वेगळा. आधी मेट्रो सुरू करा, बस वाढवा, मग माझं पार्किंग काढा. उलट क्रमाने केलं तर मी गाडी विकणार नाही, रस्त्यावर लावीन. आणि सगळे तेच करतील.

लोकलप्रेमी:
क्रमाबद्दल मान्य. पण पोडियम एकदा बांधला की पन्नास वर्षं राहतो. मेट्रो आल्यावर तो पाडून घरं करणार नाही कोणी.

टीस्क्वेअर:
दोघंही बरोबर आहात म्हणून मी मधे पडत नव्हतो. एक गोष्ट जोडतो: स्टिल्ट आणि पोडियमचं पार्किंग एफएसआयमध्ये धरत नाहीत. त्यामुळे बिल्डरला पोडियमचा बांधकामखर्च पडतो पण एफएसआय जात नाही, आणि वर जास्त उंचीवरून फ्लॅट सुरू झाल्याने व्ह्यूचे पैसे मिळतात. घोडबंदरला जागा मोठ्या असतात, तिथे हे जमतं. पाचपाखाडीच्या आठशे-हजार मीटरच्या प्लॉटवर रॅम्प घातला की अर्धा प्लॉट रॅम्पच खातो. म्हणून तिथे मेकॅनिकलशिवाय बिल्डरला पर्याय राहत नाही. तुमचा तिसरा तट, ‘सरळ जागाच पाहिजेत’ म्हणणारा, त्यांना हे कागदावर आखून दाखवा. किती सरळ जागा बसतात ते मोजा, मग भांडा.

गोखलेरोडवाला:
दुकानांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझं दुकान आहे, वडिलांच्या काळापासून.

नवीन इमारतीत व्यापारी भागासाठी पार्किंग वेगळं मोजतात, ते घरांपेक्षा जास्त लागतं, आणि कागदावर ते कुठेतरी मागे किंवा तळघरात असतं. गिऱ्हाईक तिथे जात नाही. त्याला शर्टाला बटण घ्यायचंय किंवा पोळी-भाजी. स्कूटर दारात उभी करून दोन मिनिटांत निघायचंय. तळघरात जा, वॉचमनला सांग, वर ये, हे तो करत नाही. मग रस्त्यावर दुहेरी रांग, टोइंगवाले येतात, गिऱ्हाईक पळतं, शिव्या आम्हाला.

आमच्यासारख्या दुकानांना कारची जागा नकोच आहे. एका कारच्या जागेत सहा स्कूटर मावतात, साधा हिशेब. दुकानासमोर दुचाकींची एक सलग पट्टी द्या, बाकी तुम्ही ठेवा. गावदेवी मैदानाखाली भूमिगत पार्किंग झालंय, कारवाल्यांनी तिथे लावून चालत यावं. खरेदीला आलेल्या माणसाला दोनशे पावलं चालवत नाही आणि लग्नाच्या साड्या घ्यायला मात्र चार तास उभे राहतात.

पाचपाखाडीकर:
हे पटलं. दुकानांपुढची मोकळी जागा नकाशात ‘मार्जिन’ म्हणून दाखवलीय. तिथे स्कूटर लावता येतील का?

टीस्क्वेअर:
सगळीकडे नाही. अग्निशमनच्या दाखल्यासाठी बंबाला फिरायला मोकळा मार्ग ठेवावा लागतो, उंच इमारतीला सहा मीटरचा. नकाशात तो लाल किंवा तुटक रेषेने दाखवलेला असतो. त्या पट्ट्यात एकही गाडी रंगवून दिली तर ती जागा तुमची नाही, हे आधीच समजून घ्या. बिल्डरचा सेल्समन तीच जागा ‘व्हिजिटर पार्किंग’ म्हणून दाखवतो.

शिस्तप्रिय:
मूळ रोग वेगळा आहे. ज्याला जागा नाही त्याने गाडी घेऊच नये. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये हेच सुनावलं होतं, आणि तेही नवी मुंबईतल्या एका रहिवाशाने यूडीसीपीआरमधल्या पार्किंग कपातीविरुद्ध केलेल्या याचिकेवर. परवडतं म्हणून एका कुटुंबाने चार-पाच गाड्या घ्यायच्या आणि रस्ता अडवायचा, हे चालू देऊ नका असा त्याचा आशय. जपानमध्ये १९६२ पासून कायदा आहे: घरापासून ठरावीक अंतरात, आता दोन किलोमीटर, जागा असल्याचा पोलिसांचा दाखला आणल्याशिवाय गाडी नावावर होत नाही. आपले परिवहनमंत्री प्रताप सरनाईक, ठाण्याचेच, यांनीही मे २०२५ मध्ये पार्किंगच्या दाखल्याशिवाय नवीन गाडीची नोंदणी नाही असं जाहीर बोलून दाखवलं.

चहाटळ:
दाखला कोण देणार, सोसायटी का महापालिका? सोसायटी देणार असेल तर आमच्या सेक्रेटरींना नवीन धंदा.

कोपरखैरणेकर:
आणि बैठ्या घरात राहणाऱ्याने कुठून आणायचा? ज्याच्या टॉवरमध्ये दोन जागा त्याला दोन गाड्या, आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्याला स्वतःची रिक्षा घेता येणार नाही. रस्ता अडवणाऱ्याला दंड करा, मी सोबत आहे. गाडी कोणी घ्यावी हे कार्पेटवरून ठरवू नका.

शिस्तप्रिय:
रिक्षा-टॅक्सीला सूट देता येईल.

कोपरखैरणेकर:
टेम्पोला? डिलिव्हरीवाल्याच्या व्हॅनला? सूट देत देत फक्त माझा मेहुणा उरेल.

सीवूड्सवासी:
😄 मेहुण्याला घणसोलीला पाठवा.

पाचपाखाडीकर:
मंडळी, विषय जपानपर्यंत गेला, मजा आली, पण मला रविवारी सभेत बोलायचंय. शिरस्तेदार, टीस्क्वेअर, करारात घालायच्या गोष्टी मी अशा लिहिल्यात, बघा.

जुन्या सभासदांच्या जागांचे क्रमांक नकाशावर रंगवून करारालाच जोडायचे, विक्रीच्या जागा त्यानंतर. प्रत्येक जागेचं माप कॉलमच्या पृष्ठभागापासून, पाइप आणि पेट्या लावून झाल्यावर उरणारं. मेकॅनिकलमध्ये खालचा पाळणा कोणाला आणि वरचा कोणाला हे आधीच चिठ्ठीने. खड्डा शक्यतो नको, असेल तर दोन पंप आणि जनरेटरवर जोडणी. पार्किंगच्या नकाशात पुढे कुठलाही बदल सोसायटीच्या लेखी मंजुरीशिवाय पालिकेत सादर करायचा नाही. मेकॅनिकलची देखभाल ओसीनंतर काही वर्षं बिल्डरकडे, आणि ती किती वर्षं यावर वाटाघाट चालू आहे.

टीस्क्वेअर:
चांगलं आहे. तीन भर.

एक, उंची. स्टिल्टची किमान उंची २.४ मीटर असते पण स्टॅक बसवायला त्यापेक्षा बरीच जास्त लागते, आणि तुळईच्या खालून मोजायची, स्लॅबपासून नाही. कंपनीचं तांत्रिक पत्रक मागवा. उंच गाड्या वरच्या पाळण्यात बसत नाहीत, ज्याच्याकडे एसयूव्ही आहे त्याला चिठ्ठीत वरचा निघाला तर काय, ते आधी ठरवा.

दोन, परतायची जागा. नकाशात जागा असते पण तिच्यासमोर गाडी फिरवायला वाव नसतो. ऑफिसच्या पोरांना सांगून आम्ही गाडीच्या मापाचा पुठ्ठा कापतो आणि मोठ्या प्रिंटवर सरकवून बघतो. तुम्हीही करा, कमिटीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर. अर्धी भांडणं तिथेच मिटतात आणि अर्धी नव्याने सुरू होतात.

तीन, चार्जिंग. केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे नमुना बांधकाम उपविधींत पार्किंगच्या २० टक्के क्षमतेला विजेवरच्या गाड्यांची सोय धरलेली आहे. मेकॅनिकल पाळण्यात चार्जर बसवणं कटकटीचं, म्हणून सरळ जागांपैकी काहींना आत्ताच केबल टाकून घ्या. नंतर फ्लोअरिंग फोडत बसाल.

निवृत्त_शिरस्तेदार:
सुधारित नकाशाचं कलम उत्तम. फक्त ‘मंजुरी’च्या जागी ‘सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत’ लिहा. नाहीतर सेक्रेटरीची एक सही पुरते. आणि मंजूर नकाशा बिल्डरकडून घेऊ नका, पालिकेच्या नगररचना विभागाकडून किंवा महारेराच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या. माहितीच्या अधिकारातही मिळतो. दोन्ही प्रती शेजारी ठेवून पार्किंग स्टेटमेंट ताडून बघा.

प्रकल्प सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खालच्या ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे चालवताय ना? मग नकाशा सभेत मांडून इतिवृत्तात नोंद घ्या.

तीन_हात_नाका:
माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलं नाही. गाडी नसलेल्यांनी काय करावं?

लोकलप्रेमी:
ताई, जागा घ्या पण एएमसीचा खर्च पार्किंग वापरणाऱ्यांवर टाकणारा ठराव करून घ्या. कॉमन लाइट आणि लिफ्ट सगळ्यांची, पाळणा ज्याचा त्याचा. आणि तुमची जागा सोसायटीकडे पाहुण्यांसाठी ठेवून तेवढं मेंटेनन्समध्ये वळतं करायला सांगा.

शिस्तप्रिय:
याला मात्र सहमत. (लोकलप्रेमींशी पहिल्यांदा.)

गोखलेरोडवाला:
ताईंची जागा मला दुचाक्यांसाठी भाड्याने मिळेल का?

निवृत्त_शिरस्तेदार:
बाहेरच्याला नाही. उपविधीत बसत नाही.

गोखलेरोडवाला:
मी त्याच इमारतीत दुकान घेतलं तर सभासद होतो की नाही?

टीस्क्वेअर:
बघा, तुमचं पार्किंग स्टेटमेंट पुन्हा बदललं.

पाचपाखाडीकर:
रविवारी पुठ्ठ्याची गाडी घेऊन जातोय. मापाची प्रिंट काढणारं दुकान पाचपाखाडीत रविवारी कोणतं उघडं असतं, कोणाला माहितेय का? ए-झिरो पाहिजे.